शरीफाबाद : एका इराणी खेड्याचे स्थान व लोकसंख्या

मध्य इराणच्या वाळवंटाच्या काठी, यज्द शहराच्या वायव्येस सुमारे 60 किलोमीटरांवर अर्दकान हे गाव असून त्याच्या लगतच शरीफाबाद वसलेले आहे. नकाशावर हे स्थळ क्षुल्लक वाटते. परंतु सासानी साम्राज्याच्या पाडावानंतर जरथुश्त्री धर्म इराणात कसा टिकून राहिला, या प्रश्नाचा विचार करताना त्याची उपेक्षा करता येत नाही.

या प्रदेशात वर्षाकाठी 100 मिलीमीटरांहूनही कमी पाऊस पडतो. वस्तीचा आधार भूमिगत कालवे, म्हणजे कनात, हाच होय. डोंगरपायथ्याशी खोल विहीर खणून तेथून मंद उताराचा बोगदा गावापर्यंत नेला जातो. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांना परिचित आहे, त्यांना ही रचना सहज ध्यानात येईल. कनातीचे पाणी मोजके व त्याची वाटणी पाळीप्रमाणे. त्यामुळे गाव किती वाढावे याची मर्यादा पाणीच ठरवीत असे. अशी भूमी सत्ताधीशांना फारशी लोभनीय नसते. पीडितांना तिने आश्रय दिला, तो याच कारणाने.

शरीफाबाद व शेजारचे तुर्काबाद या खेड्यांचे महत्त्व भारतातील पारशांच्या कागदपत्रांतूनही दिसून येते. 1478 मध्ये भडोचचा नरिमान होशंग धर्मविषयक प्रश्नांची उत्तरे घेऊन इराणातून परतला. ‘रिवायत’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पत्रव्यवहाराचा तो आरंभ. ती उत्तरे या दोन खेड्यांतील धर्मगुरूंकडून आली होती. मोठ्या नगरांऐवजी खेड्यांकडे धर्मनिर्णयाचा अधिकार असावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

लोकसंख्येचा प्रश्न अधिक बिकट आहे. इराणात पहिली राष्ट्रीय जनगणना 1956 मध्ये झाली. तत्पूर्वीचे आकडे बहुधा करवसुली अथवा धर्मकार्य यांच्या निमित्ताने गोळा झालेले आहेत. 1854 मध्ये मुंबईच्या पारशी संस्थेने माणेकजी लिमजी हातरिया यांस इराणात पाठविले. त्यांना देशभर मिळून जेमतेम सात हजारांच्या आसपास जरथुश्त्री आढळले. या धर्मीयांवर जिझिया होता. तो हातरियांच्या दीर्घ खटपटीनंतर 1882 मध्ये रद्द झाला. जेथे माणशी कर द्यावा लागतो तेथे माणसे लपविण्याकडे कल असणे स्वाभाविक होय. म्हणून जुने आकडे जसेच्या तसे न स्वीकारता, ते कोणी व कशासाठी घेतले हे पाहणे अगत्याचे ठरते.

पुढे घट झाली ती मुख्यतः स्थलांतरामुळे. यज्द व कर्मान प्रांतांतील खेड्यांतून अनेक कुटुंबे मुंबईस आली. ‘इराणी’ म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेला समाज बव्हंशी त्यांचाच. नंतरच्या काळात तेहरानचे आकर्षण प्रबळ झाले. 1963-64 मध्ये मेरी बॉइस या विदुषी शरीफाबादेत राहिल्या. त्यांनी तेथील अग्निपूजा, सण व गृहजीवन यांचे निरीक्षण केले आणि त्यावर आधारलेला ग्रंथ 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. नगरांतून लुप्त झालेले कितीतरी आचार त्यांना येथे जिवंत आढळले.

यावरून एक निष्कर्ष निघतो. खेड्याचे ऐतिहासिक महत्त्व केवळ शिरगणतीने मोजता येत नाही. ज्या दुर्गमतेने शरीफाबादेची वस्ती मर्यादित ठेवली, तिनेच तेथील परंपरेचे रक्षण केले. आणि त्या परंपरेचे वारस दूरदेशी गेले तरी मूळ स्थानाचे महत्त्व कमी झाले नाही.