भोग, आगम आणि झडती : एन्टिक विरुद्ध कॅरिंग्टन (इ. स. १७६५)

झडती हा शब्द दप्तरांशीं संबंध ठेवणारांस नवा नाहीं. जुन्या महसुली कागदांत गांवझडती म्हणजे गांवच्या जमाबंदीचा हिशेब. लोकव्यवहारांत मात्र अंग किंवा घर धुंडाळून पाहणें हाच अर्थ रूढ आहे. सरकारी शिपायानें कायद्याचा आधार नसतां अशी झडती घेतल्यास त्याच्यावर दावा लावतां येतो काय, या प्रश्नाचा निर्णय इंग्लंडांत अठराव्या शतकांत लागला. तो एका शिक्षकाच्या कागदपत्रांवरून लागला, आणि ज्या युक्तिवादानें लागला तो इतिहाससंशोधकांच्या नित्य परिचयाचा आहे. म्हणून त्याची हकीकत येथें देतों.

जॉन एन्टिक हा लंडननजीक स्टेपनी येथें राहणारा शिक्षक व ग्रंथकार. त्याचा लॅटिन-इंग्रजी कोश पुढें प्रसिद्ध झाला. ‘मॉनिटर’ नांवाच्या सरकारविरोधी साप्ताहिकांत तो लिहितो असा सरकारास संशय होता. राज्यसचिव लॉर्ड हॅलिफॅक्स यानें ६ नोव्हेंबर १७६२ रोजीं हुकूम काढला कीं, एन्टिक यास त्याच्या सर्व कागदपत्रांसह पकडून आणावें. ११ नोव्हेंबरास नेथन कॅरिंग्टन व त्याचे तीन सोबती, हे राजाचे जासूद, घरांत शिरले. चार तासपर्यंत त्यांनीं कुलुपें फोडलीं, पेट्या व खण उघडले, खासगी कागद वाचून पाहिले, आणि शंभर छापील तक्ते व शंभर चोपडीं उचलून नेलीं, अशी एन्टिक याची पुढें फिर्याद होती.

फिर्याद होण्यापूर्वीं दुसरें एक प्रकरण उद्भवलें. २३ एप्रिल १७६३ रोजीं जॉन विल्क्स याच्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्राचा ४५ वा अंक निघाला. त्यावर हॅलिफॅक्सनें जो हुकूम काढला त्यांत कोणाचेंच नांव नव्हतें. लेखक, मुद्रक व प्रकाशक कोण ते जासुदांनींच हुडकावे, असा त्याचा आशय होता. त्या एका हुकुमावर ४९ माणसें धरलीं गेलीं. त्यांपैकीं हकल नांवाच्या छापखान्यांतील कामगारास अवघे सहा तास अडकवून ठेवलें होतें, आणि तेवढ्या वेळांत खाणेंपिणेंही उत्तम दिलें होतें. त्याची मजुरी आठवड्यास एक गिनी. तरीही ज्यूरीनें त्यास ३०० पौंड नुकसानभरपाई दिली, आणि ती अवाजवी म्हणून रद्द करण्यास न्यायाधीशांनीं नकार दिला. कारण इजा अल्प असली तरी अपराध सत्तेचा होता. खुद्द विल्क्स यास डिसेंबर १७६३ मध्यें उपसचिव रॉबर्ट वुड याजकडून १००० पौंड मिळाले.

एन्टिक याच्या दाव्यांत ज्यूरीनें असा निवाडा दिला कीं, झडती बेकायदा ठरल्यास वादीस ३०० पौंड द्यावे. ती कायदेशीर कीं बेकायदा हें मात्र न्यायाधीशांनीं ठरवावें. येथें मूळ प्रश्न उभा राहिला. या हुकुमांत एन्टिकचें नांव होतें. परंतु कोणते कागद घ्यावे याची कांहींच मर्यादा नव्हती. प्रतिवादीचें म्हणणें असें कीं, १६८८ च्या राज्यक्रांतीपासून राज्यसचिव असे हुकूम काढीत आले आहेत, आणि कोणीही हरकत घेतली नाहीं. सबब वहिवाटीनेंच हा अधिकार सिद्ध आहे.

हा वाद आपल्या धर्मशास्त्राच्या परिभाषेंत सहज मांडतां येतो. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं, आणि भोगापेक्षां आगम, म्हणजे हक्काचें मूळ, बलवत्तर मानला. अपवाद केवळ पूर्वजांपासून क्रमानें चालत आलेल्या भोगाचा. या दोन विधींचा परस्परांशीं संबंध होता असें आमचें म्हणणें नाहीं. विचाराचें साम्य तेवढें लक्षांत घ्यावें. सरकारापाशीं पाऊणशें वर्षांचा भोग होता, आगम नव्हता.

१७६५ च्या नोव्हेंबरांत मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनीं नेमका तोच दाखला मागितला. हा अधिकार कायदा असेल तर तो कायद्याच्या ग्रंथांत सांपडला पाहिजे. तेथें तो नाहीं, तर तो कायदाच नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव आहे. मग त्यांनीं त्या वहिवाटीचें मूळ शोधलें. तें स्टार चेंबर नामक जुन्या न्यायसभेंत व मुद्रणपरवान्याच्या कायद्यांत निघालें. परंतु ती सभा १६४१ त मोडली आणि तो कायदा १६९५ त संपला. मूळ तुटलें, फांदी मात्र हिरवी म्हणून दाखविली जात होती. कोणी हरकत घेतली नाहीं हेंही प्रमाण त्यांनीं मानलें नाहीं. दुर्बळानें भयानें गप्प राहणें म्हणजे संमति नव्हे. चोरीच्या मालाची झडती शपथेवर, नेमक्या वस्तूकरितां होते. येथें शपथ नाहीं, यादी नाहीं, साक्षीदार नाहीं. शिवाय नुसत्या पाहण्यानें अतिक्रमण होत नसलें, तरी खासगी कागद उचलून नेल्यास त्यांच्या गुप्ततेमुळें अपराध वाढतो, असें त्यांनीं ठरविलें. निकाल एन्टिकच्या बाजूनें लागला.

घराचा हा न्याय शरीरासही लागला. ली विरुद्ध कोल या १८५३ च्या खटल्यांत न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, अटक केलेल्या प्रत्येकाचें अंग झडण्याचा सरसकट अधिकार पोलिसांस नाहीं. प्रसंग पाहून तो ठरतो. हिंदुस्थानांत १८९८ च्या फौजदारी संहितेनें अंगझडतीसंबंधीं नियम घालून दिले. त्यांत स्त्रीची झडती स्त्रीनेंच, शालीनता राखून घ्यावी हा नियम आहे. घराच्या झडतीस पंच व जप्त वस्तूंची यादी लागते. १९७३ च्या संहितेनें आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेनेंही हे नियम राखले. तथापि बेकायदा झडतींत हातीं लागलेला पुरावा केवळ त्या कारणानें त्याज्य ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७३ मध्यें पूरणमल प्रकरणांत ठरविलें. २०१७ मध्यें नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला हें खरें. परंतु झडतीचा दोष पुरावा फेटाळून धुतला जात नसेल, तर झडती घेणाऱ्यावर दाद मागण्याचा हकल व एन्टिक यांचा मार्ग अधिकच मोलाचा ठरतो.

शेवटीं संग्राहकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. कॅम्डेन यांच्या या निकालाचा आरंभीं छापलेला पाठ विल्सनच्या वृत्तसंग्रहांतील, म्हणजे संक्षिप्त, होता. आज जो विस्तृत पाठ प्रमाण मानतात तो फ्रान्सिस हारग्रेव्ह यानें १७८१ सालीं हस्तलिखितावरून छापला. खासगी कागदांचें रक्षण करणारा निकाल स्वतः एका खासगी कागदामुळेंच पूर्णपणें टिकला. ज्यांच्या घरीं जुनीं बाडें आहेत त्यांस याहून अधिक सांगणें नको. कोणी हुकूम दाखवून रुमाल सोडूं लागला, तर त्यास विचारावें : आगम कोठें आहे? आणि नेलेल्या प्रत्येक कागदाची यादी पंचांसमक्ष करवून घ्यावी.