तुरुंगात जात पाहून काम नाही: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काय सांगतो?

गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालावर जाते. या सवयीचं मूळ इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. पारधी, कैकाडी अशा जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, पण शिक्का राहिला. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीतही जातीवरून कामं होती. झाडलोट एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला:

• जात पाहून कैद्याला काम देणं घटनाबाह्य.
• कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायचा.
• राज्यांनी नियमावली तीन महिन्यांत बदलायची.
• विमुक्त जमातींच्या लोकांना पोलिसांनी मनमानी अटक करू नये.

अटक झालीच तर कारण विचारा, ते सांगणं बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं हजर करावंच लागतं. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि कोठडीतला कोणीही माणूस, यांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जा किंवा १५१०० वर फोन लावा. हा नंबर पालावरच्या माणसांपर्यंतही पोचवा.