मॅडिसन नदी आणि तिचे परके मासे

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन नद्यांच्या संगमातून मॅडिसन नदीचा उगम होतो, आणि मोंटाना राज्यातून सुमारे 290 किलोमीटर वाहत जाऊन थ्री फोर्क्स येथे ती जेफरसन व गॅलाटिन या नद्यांना मिळते. तेथून पुढच्या प्रवाहाला मिसुरी म्हणतात. फ्लाय फिशिंग म्हणजे पिसे, केस आणि दोरा यांपासून बांधलेला कृत्रिम कीटक लांब काठीने पाण्यावर अलगद टाकून मासा गळाला लावणे. या पद्धतीने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींत मॅडिसनचा लौकिक मोठा असला, तरी क्वेक लेकपासून एनिस गावापर्यंतचा तिचा भाग सोपा नाही. तेथे नदी जवळजवळ सलग खळाळत वाहते, डोह फारसे नाहीत, तळाचे गोटे शेवाळाने निसरडे झालेले असतात आणि ट्राउट एखाद्या मोठ्या धोंड्याच्या पुढे-मागे, जेथे पाण्याचा जोर क्षणभर ओसरतो तेवढ्याच जागेत दबा धरून राहतो. जूनअखेरीस सामनफ्लाय नावाचे मोठे कीटक नदीतून बाहेर पडू लागले की मासा निर्धास्तपणे वर येतो. एरवी योग्य धोंडा ओळखण्यातच मासेमाराचे कौशल्य पणाला लागते.

ज्या ट्राउटसाठी ही नदी नावाजली, तो मात्र तिचा मूळ रहिवासी नव्हे. 1805 च्या जूनमध्ये लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतील एका सैनिकाने मिसुरीच्या ग्रेट फॉल्स धबधब्यांजवळ काही ट्राउट पकडले, आणि जबड्याखाली तांबड्या रेघा असलेल्या या माशाचे वर्णन लुईसने आपल्या रोजनिशीत केले. हाच येथला मूळचा वेस्टस्लोप कटथ्रोट ट्राउट. पुढच्याच महिन्यात ही मोहीम थ्री फोर्क्सला पोहोचली आणि तिन्हींपैकी एका नदीला तत्कालीन परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांचे नाव मिळाले. त्या काळी या खोऱ्यात कटथ्रोट, पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला आर्क्टिक ग्रेलिंग आणि माउंटन व्हाइटफिश हे मासे होते, तर फायरहोल आणि गिबन यांच्या धबधब्यांच्या वर, चढून जाण्याची वाट नसल्याने, ट्राउट मुळीच नव्हता.

धबधब्यांच्या वरचे हे ट्राउटविरहित पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रशासकांना उणीव वाटले. उद्यानाचे तत्कालीन प्रमुख कॅप्टन बुटेल यांच्या आग्रहावरून 1889 पासून अमेरिकेच्या मत्स्य आयोगाने तेथे पूर्वेकडचा ब्रुक, पॅसिफिक किनाऱ्याकडचा रेनबो आणि युरोपातील ब्राउन ट्राउट आणून सोडला. ब्राउन ट्राउटची अंडी जर्मनीतून अमेरिकेत प्रथम आली ती 1883 मध्ये, म्हणजे अवघ्या काही वर्षांत हा मासा खंडाच्या मध्यापर्यंत पोहोचला होता. काश्मीरच्या ओढ्यांतील ट्राउट हासुद्धा इंग्रजांनी आणलेलाच, तेव्हा ही हौस एकट्या अमेरिकेची नव्हती. परिणाम मात्र गंभीर झाले: रेनबोचा कटथ्रोटशी संकर होऊन शुद्ध वाण विरळ झाला, ब्राउनने जागा आणि अन्न बळकावले, त्यात विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या एनिस आणि हेबगेन येथील धरणांनी प्रवाहाची रीत बदलली, आणि ग्रेलिंग या नदीतून जवळजवळ नाहीसा झाला.

यानंतर अनेक दशके मत्स्यबीज केंद्रांतील हौदांत वाढवलेले रेनबो दरवर्षी नदीत सोडले जात. जितके मासे सोडावे तितके गळाला लागतील हा हिशेब इतका सरळ भासे, की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटली नाही. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात डिक व्हिन्सेंट हे राज्याच्या मत्स्यखात्यातील जीवशास्त्रज्ञ, पाण्यात सौम्य विद्युत्प्रवाह सोडून मासे क्षणभर बधिर करायचे, त्यांना खूण करून परत सोडायचे आणि पुन्हा पकडून त्यावरून संख्या काढायची, या पद्धतीने मॅडिसनमध्ये गणना करत होते. या गणनेत हौदातल्या माशांविषयीच त्यांना शंका आली. तेव्हा व्हार्नी या टप्प्यात मासे सोडणे थांबवण्यात आले आणि उलट ओडेल क्रीक या पूर्वी मासे न सोडलेल्या उपनदीत ते सोडण्यास सुरुवात झाली. काही वर्षांतच व्हार्नीत नदीत जन्मलेल्या ट्राउटची संख्या दुपटीहून अधिक झाली, तर ओडेलमध्ये ती घसरली. हौदातले मासे जागेसाठी नदीतल्या माशांना हुसकावतात, त्यांची घडी विस्कटतात आणि प्रवाहाची सवय नसल्याने स्वतःही फार काळ टिकत नाहीत, असा त्याचा उलगडा करण्यात आला. पर्यटनावर पोट असलेल्यांनी आणि खुद्द मत्स्यखात्यातील काहींनी विरोध केला, तरी ज्या नद्यांत ट्राउट स्वतःच्या बळावर टिकू शकतो तेथे मासे सोडणे मोंटानाने 1974 मध्ये बंद केले. अमेरिकेतील मत्स्यव्यवस्थापनाच्या इतिहासात इतक्या साध्या प्रयोगाने इतका मोठा समज मोडल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

तथापि, या निर्णयाने संरक्षण मिळाले ते नदीत जन्मलेल्या माशाला, नदीच्या मूळ माशाला नव्हे. मॅडिसनचे रानात वाढलेले ट्राउट बहुतांशी ब्राउन आणि रेनबो, म्हणजे स्थलांतरितांचे वंशजच होते. हा फरक धोरणकर्त्यांच्या ध्यानी येण्यास आणखी दोन दशके लागली. 1994 च्या अखेरीस मॅडिसनमध्ये ‘व्हर्लिंग डिसीज’ हा रोग आढळला. चिखलातील एका कृमीमार्फत पसरणारा त्याचा युरोपीय परजीवी लहान माशांच्या कूर्चेत शिरतो, त्यांचा सांगाडा वाकडा होतो आणि ते स्वतःभोवती गरगरत राहतात. युरोपातच या परजीवीसोबत वाढलेला ब्राउन बराचसा बचावला. वरच्या मॅडिसनमधील रेनबोंची संख्या मात्र सुमारे 90 टक्क्यांनी घटली आणि सावरण्यास तिला बरीच वर्षे लागली.

मूळ माशासाठी मोठा प्रयत्न झाला तो चेरी क्रीक या उपनदीवर. सीएनएन वाहिनीचे संस्थापक टेड टर्नर यांच्या कुरणातून वाहणाऱ्या या ओढ्यावरील धबधबा परक्या माशांना खालून वर येऊ देत नाही. म्हणून 2003 पासून वरच्या प्रवाहात मासे मारणारे औषध टाकून तो टप्प्याटप्प्याने रिकामा करण्यात आला आणि तेथे शुद्ध वेस्टस्लोप कटथ्रोटची अंडी व पिल्ले सोडण्यात आली. पाण्यात विष कालवून निसर्गाचे रक्षण करणे अनेकांना मानवले नाही, प्रकरण न्यायालयात गेले, पण काम पूर्ण झाले. हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही, मात्र संकर एकदा पसरला की त्यावर दुसरा व्यवहार्य उपाय क्वचितच उरतो.

यलोस्टोन उद्यानाच्या नियमांत हा सारा इतिहास आजही एकत्र नांदतो: तेथील मोठ्या सरोवरात पकडलेला परका लेक ट्राउट जिवंत परत सोडणे निषिद्ध आहे, आणि त्याच उद्यानातील मॅडिसनमध्ये पकडलेला परका ब्राउन ट्राउट जिवंत परत सोडणे सक्तीचे आहे.