चंडाशोकाचा धर्मचक्रावर अधिकार

ज्या हातांनीं रक्त सांडलें, त्याच हातीं धर्माची ध्वजा द्यावी काय, हा प्रश्न पुराणकथांत वारंवार येतो. इतिहासांत तो मौर्य सम्राट अशोकाच्या चरित्रांत ठळकपणें उभा राहतो. बुद्धानें राजवैभव टाकून धर्मचक्र प्रवर्तित केलें. त्या चक्राचा वारसा मात्र राज्यविस्तारासाठीं कलिंग देश उद्ध्वस्त करणाऱ्या राजाकडे गेला.

राज्याभिषेकास आठ वर्षें झालीं असतां, इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास, अशोकानें कलिंग देश जिंकला. दीड लक्ष माणसें देशोधडीस लागलीं, एक लक्ष मारलीं गेलीं आणि त्याहून कित्येक पट पुढें मेलीं. हे आंकडे कोणा शत्रूनें नोंदविलेले नाहींत; खुद्द अशोकानेंच ते आपल्या तेराव्या शिलालेखांत कोरविले आहेत. आपल्या पुत्रपौत्रांनीं नव्या विजयाची हांव धरूं नये, यासाठीं तो लेख लिहविला, असेंहि तो सांगतो.

पुढें अशोकावदानासारख्या ग्रंथांनीं चंडाशोकाचा धर्माशोक झाल्याची कथा गडद रंगांनीं रंगविली. शिलालेखांतील अशोक इतका सोपा नाहीं. पश्चात्तापाच्या त्याच लेखांत तो अरण्यवासी लोकांस आपल्या सामर्थ्याची जाणीव करून देतो. कलिंग देश त्यानें परत दिला नाहीं. देहदंडहि ठेवला, दंडितांस तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. आणि कलिंगांतील धौली व जौगड येथील खडकांवर तेरावा लेख मुळींच नाहीं. ज्यांचे संसार उजाडले, त्यांच्यापुढें ही कबुली ठेवण्याचें त्यानें टाळलें.

तरीहि त्या लेखाच्या जागीं जें कोरलें, तें विसरतां येत नाहीं. सर्व माणसें आपल्या अपत्यांसारखीं आहेत, असें सांगून कोणासहि विनाकारण बंधनांत टाकूं नये, अशी ताकीद तो कलिंगांतील अधिकाऱ्यांस देतो. माणसांसाठीं व जनावरांसाठीं त्यानें औषधोपचाराची सोय केली, वाटेवर विहिरी खणविल्या. पूर्वींचे राजे मृगयेस जात, अशोक धर्मयात्रेस निघूं लागला, असें आठवा लेख सांगतो. त्याचा एक तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईजवळ सोपारा येथें सांपडला. आपल्या मुदपाकखान्यांत दोन मोर व एक हरिण अजून मारले जातात, हेंहि त्यानें लपविलें नाहीं.

अनुतापाचा एक क्षण कोणासहि थोरांचा वारस करीत नाहीं. तो अधिकार पुढील वर्षांच्या आचरणानें मिळवावा लागतो, आणि अशोकानें तो पुष्कळ अंशीं मिळविला. कलिंगानंतर त्यानें दुसरें विजययुद्ध केल्याचा उल्लेख त्याच्या लेखांत नाहीं.

२२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र राष्ट्रध्वजासाठीं स्वीकारलें. त्या चक्राकडे पाहतांना तेरावा लेखहि आठवावा. अपराध विसरून दिलेला मान कलिंगाच्या मृतांवर अन्याय करील. अपराध स्मरून दिलेला मान अशोकास शोभतो.