महामार्ग आणि रानवाटा

सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, टोलनाक्याजवळ, एक बिबट्या रस्ता ओलांडताना दिसला. ‘बिबट्या शहरात शिरला’ असा एकच बोभाटा झाला. परंतु या स्थळाचा इतिहास पाहू जाता कोण कोठे शिरले, हा प्रश्न इतका सोपा राहत नाही.

मराठी माणसास हा मुलूख नवा नाही. १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळी रानाचे भय माणसास होते. खुद्द शहाजीराजांना १६६४ मध्ये होदिगेरेच्या रानात, शिकारीच्या प्रसंगी घोडा कोसळून मृत्यू आला. पुढे तीन शतके लोटली, तरी बंगळूरहून मोटारीने निघालेल्या केनेथ अँडरसन या शिकाऱ्याला जवळगिरीच्या परिसरात नरभक्षक वाघीण भेटली. ती हकीकत त्याच्या १९५४ च्या पुस्तकात आहे.

१९७८ मध्ये आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटीचा पाया घातला गेला. बन्नेरघट्ट्याचे रान येथून दूर नाही. ते तळी व जवळगिरीवरून थेट कावेरीच्या खोऱ्यास भिडते. याच वाटेने हत्तींचे कळप हिवाळ्यात नाचणीच्या शेतांकडे येतात आणि होसूरपुढे सानमावूच्या जंगलालगत महामार्ग ओलांडतात. इकडे मोटारींची दाटी वाढली, तेव्हा २०१० मध्ये सुमारे १० किलोमीटरांचा रस्ता खांबांवर उचलण्यात आला.

हाच महामार्ग, क्रमांक ४४, उत्तरेस नागपुरावरून पेंचच्या व्याघ्रवनात जातो. सुटीत मोटारीने गावी निघालेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या तो परिचयाचा असेल. तेथे चौपदरीकरणाचा वाद न्यायालयात गेला. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांस वाट ठेवण्यात आली. त्यांतील सर्वांत लांब वाट ७५० मीटरांची आहे. २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांनी वाघासह १८ जातींचे प्राणी जाता-येता टिपले.

एकाच महामार्गावर रस्ता दोनदा उचलला गेला. इलेक्ट्रॉनिक सिटीत माणसाच्या घाईसाठी, पेंचमध्ये जनावरांच्या वाटेसाठी. सिमेंट, लोखंड आणि विद्या दोहींकडे तीच होती. पेंचमध्ये फरक पडला तो एवढाच, की नकाशावर रस्त्याची रेघ ओढली जात असताना तिला आडवी जाणारी जुनी वाट कोणीतरी वेळेवर दाखवून दिली.

आपण सरकारी सेवेतील माणसे. अशा रेघांचे कागद आपल्याच टेबलांवरून पुढे सरकतात. हत्तीला अर्ज करता येत नाही. त्याची वहिवाट आपणच टिपणात नोंदविली पाहिजे, आणि तीही सही करण्यापूर्वी.