राईनपाडा: पाच वर्षांपासून शेवटच्या तासापर्यंत

पाच वर्षे आधी

21 ऑगस्ट 2013. सीरियात, दमास्कसजवळच्या घौता भागात विषारी वायूचा हल्ला झाला. पांढऱ्या कापडात गुंडाळून ओळीने ठेवलेल्या मुलांची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. 2018च्या पावसाळ्याच्या तोंडावर तीच छायाचित्रे मालेगाव-धुळे पट्ट्यातल्या मोबाइलवर फिरू लागली. सोबतचा मजकूर मात्र बदलला होता: अवयव विकणाऱ्या टोळीने ही मुले मारली, आपल्या लेकरांना सांभाळा.

दोन वर्षे आधी

2016, कराची. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइनने एक छोटी जनजागृती फीत काढली. गल्लीत पोरे क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, मागे बसलेला एका मुलाला उचलतो आणि गाडी सुसाट निघते. काही क्षणांतच ते परत येतात, मुलाला अलगद खाली उतरवतात आणि फलक धरतात: कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो.

पुढे कुणीतरी तो परत येण्याचा भाग कापला. उरले फक्त उचलून नेणे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली फीत भारतातल्या हजारो गटांमध्ये पुरावा म्हणून फिरली.

काही आठवडे आधी

मे-जून 2018. संदेशांचा साचा सगळीकडे एकच. टोळी आली आहे, माणसे वेषांतर करून फिरताहेत, मुलांना बाहेर सोडू नका. मूल कुणाचे, गाव कोणते, पोलीस ठाणे कोणते, गुन्हा कधी नोंदवला, यातले काहीच त्यात नसे. ठाण्याला एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण संदेश मामाने पाठवलेला, मावशीने पाठवलेला, शाळेच्या पालकांच्या गटात आलेला. 'खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहिलेले बरे' अशी त्याला जोड. पाठवणाऱ्याला आपण अफवा पसरवतोय असे वाटतच नव्हते, तो काळजी वाहत होता. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत भयंकर हेच वाटते. आपल्या मुलांवरच्या मायेलाच इथे कामाला लावले गेले.

आणि भीती चुकीच्या माणसाकडे वळवली गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते की बाल लैंगिक अत्याचाराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. त्याच्याबद्दल कुणी फॉरवर्ड करत नाही.

याच अफवांपायी 8 जूनला आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये भटकंतीला आलेले दोन तरुण जमावाने मारले. 26 जूनला अहमदाबादमध्ये भिक्षेवर जगणारी एक स्त्री गेली.

तीन दिवस आधी

28 जून, त्रिपुरा. अफवांवर विश्वास ठेवू नका, हे गावोगाव ध्वनिक्षेपकावरून सांगायला प्रशासनाने एका माणसाला नेमले होते. जमावाने त्यालाच मारून टाकले.

रविवार, 1 जुलै, सकाळ

राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आदिवासी वस्तीचे गाव आणि आठवडे बाजाराचा दिवस. बसमधून पाच जण उतरले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. पाल ठोकायचे, गावे फिरायची, भिक्षा मागायची, पुढच्या मुक्कामाला निघायचे, हेच त्यांचे पिढ्यानपिढ्यांचे जगणे. परक्या गावात परका माणूस म्हणून दारोदार जाणे हाच त्यांचा व्यवसाय, आणि त्या आठवड्यांत संदेश सांगत होते की परका माणूस म्हणजे चोर.

काही मिनिटे आधी

त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, असे सांगितले जाते. बाजारातल्या माणसांनी घेरले. तुम्ही कोण, कुठले, ही विचारपूस क्षणात आरोप झाली. आपण भिक्षेकरी आहोत, हे त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला कुणी थांबले नाही.

शेवटचा तास

त्यांना ग्रामपंचायत कार्यालयाच्या खोलीत नेले. दार बंद झाले, पण मार थांबला नाही. लाठ्या, दगड, हाताला लागेल ते. पोलीस पोहोचले तेव्हा जमावाने त्यांच्यावरही हात टाकला. ज्या मोबाइलवर अफवा आली होती, त्याच मोबाइलवर मारहाणीचे चित्रीकरणही चालले होते. पाचही जण गेले.

त्याच रात्री

मालेगाव. पाच जणांचे एक कुटुंब, त्यात दोन वर्षांचे मूल. तोच संशय, तसाच जमाव, पोलिसांच्या गाडीवर हल्ला. फरक एवढाच की इथल्या एका रहिवाशाने त्या कुटुंबाला आपल्या घरात घेतले आणि पोलीस हटले नाहीत. पाचही जण वाचले. वाचवणारेही त्याच गटांत राहणारे, तेच संदेश वाचलेले लोक होते. म्हणून राईनपाडा अटळ होते असे म्हणायला मी तयार नाही.

नऊ दिवसांनी आणि पुढे

10 जुलैला व्हॉट्सॲपने वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या आणि पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर झाली. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसेविरुद्ध राज्यांना प्रतिबंधात्मक निर्देश दिले.

त्या दोन तारखांच्या मधे, 13 जुलैला, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या मित्रांनी एका गावात मुलांना चॉकलेटे वाटली. संशय आला, वाद झाला आणि ते गाडीत बसून निघाले. व्हॉट्सॲपवरचा निरोप त्यांच्या आधी पुढच्या मुरकी गावात पोहोचला. तिथे वाट अडवून लोक उभे होते. त्या मित्रांपैकी एक तरुण अभियंता मारला गेला, सोबतचे जखमी झाले.