नववधूचे अवगुंठन : एका जुन्या विधीचा मागोवा

धुळे–सोलापूर रस्त्याने बीड मागे टाकून दक्षिणेस निघाले की घाट चढून आपण बालाघाटच्या माथ्यावर येतो आणि मांजरसुंब्याचा चौक लागतो. नगरकडून अहमदपूरकडे जाणारा रस्ता येथेच आपल्या रस्त्यास छेदतो. जवळच कपिलधार, तेथे वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे. या पंचक्रोशीतील पुष्कळ घरे दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. साहजिकच लग्ने चैत्र-वैशाखात निघतात. आम्हां धर्मगुरूंनाही ते सोयीचेच. तोवर उपवासकाळ संपून पुनरुत्थानाचा सण झालेला असतो.

काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एका वस्तीवर आम्ही एका विवाहाची बोलणी ऐकत बसलो होतो. वधू पंचविशीच्या आतली विधवा. उसाची ट्रॉली उलटून नवरा गेला होता. पदरी एक लहान मुलगी. वराचे मात्र हे पहिलेच लग्न. त्याच्या आईचा आग्रह, की माझ्या मुलाचे पहिले लग्न आहे, तेव्हा नवरी शहरातल्यासारखी पांढऱ्या झग्यात आणि लांब जाळीत वेदीपुढे उभी राहिली पाहिजे. त्यासाठी मुकादमाकडून पुढल्या हंगामाची उचल थोडी वाढवून घेण्यास वराचे वडील तयार होते. वधूची आई संकोचाने म्हणाली, "फादर, हिचं दुसरं लगीन. हिनं जाळी घेतली तर लोक काय म्हणतील?" कोपऱ्यातून वधूची आजी बोलली, "पांढरं हिनं तीन वर्सं नेसलं. आता लग्नातबी पांढरंच का?"

आम्ही घाईत होतो. पोशाखाचा प्रश्न आहे, तुमचे तुम्ही ठरवा, असे सांगून आम्ही उठलो. मोटारसायकलपर्यंत पोचवायला आलेल्या त्या मुलीने हळूच विचारले, "फादर, जाळी नसली तर लगीन कमी होतं का?" या प्रश्नाने आम्हांस त्या रात्री जुनी पुस्तके उघडावयास लावली. त्यात जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्यास कोणी 'नेट' म्हणतात, कोणी 'वेल' म्हणतात, त्या वस्त्राचा उगम ख्रिस्ती नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात रिबका दुरून इसहाकास पाहते आणि उंटावरून उतरून स्वतःस झाकून घेते. त्याच पुस्तकात लाबान याकोबाच्या पदरी राहेलीऐवजी लेआ बांधतो, आणि फसगत सकाळी उघडकीस येते. मुखाच्छादनाची चाल त्या प्रदेशात किती जुनी आहे, हे या प्रसंगांवरून कळते. मात्र चर्चच्या विवाहविधीत हे वस्त्र आले ते रोमन लोकांकडून. लॅटिन भाषेत स्त्रीने विवाह करणे यासाठी जे क्रियापद आहे, त्याचा संबंध प्राचीन रोमन ग्रंथकार 'झाकून घेणे' या अर्थाशी जोडीत. रोमन वधूच्या डोक्यावरील वस्त्रास 'फ्लामेउम', म्हणजे ज्वालेसारखे, असे नाव होते. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेला प्लिनी आपल्या निसर्गेतिहासात पिवळ्या रंगाविषयी लिहिताना सांगतो, की वधूच्या अवगुंठनासाठी या रंगाचा मान फार पुरातन काळापासून स्त्रियांकडे आहे.

म्हणजे ज्या वस्त्रापासून आमच्या वेलची परंपरा सुरू झाली, ते पांढरे नव्हते. ते आपल्या हळदीच्या वस्त्राच्या, मामाने दिलेल्या अष्टपुत्रीच्या अधिक जवळचे होते. हे वाचताना आम्हांस त्या आजीची आठवण झाली.

चौथ्या शतकात चर्चने हा रिवाज आपलासा केला. मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी एका पत्रात लिहिले, की ख्रिस्ती विवाह धर्मगुरूच्या हातच्या अवगुंठनाने व आशीर्वादाने पवित्र व्हावयास हवा. इ. स. ३८५ मध्ये पोप सिरिसियस यांनी स्पेनमधील एका बिशपांना पाठविलेल्या उत्तरातही विवाहातील या विधीचा उल्लेख आहे. रोमच्या सर्वांत जुन्या प्रार्थनासंग्रहात विवाहाच्या प्रार्थनांचे शीर्षकच 'वैवाहिक अवगुंठन' असे आहे. आज आपण ज्यास विवाह-आशीर्वाद म्हणतो, त्याचे नाव त्या काळी या वस्त्रावरून पडले होते.

यापेक्षा अधिक लक्षणीय गोष्ट नोलाचे संत पॉलिनस यांच्या एका काव्यात आढळते. इ. स. ४०० नंतर थोड्याच वर्षांत, ज्युलियन आणि तितिया या दांपत्याच्या विवाहाप्रसंगी त्यांनी ते रचले. बिशप वधू आणि वर अशा दोघांचीही मस्तके एकत्र आणतात, त्यांवर वस्त्र घालतात आणि आशीर्वाद देतात, असे वर्णन त्यात आहे. येथे झाकली जाते ती जोडी. एकटी वधू नव्हे. एकत्र आणण्यासाठी कवीने वापरलेला शब्द 'जुगुम' म्हणजे जू या शब्दापासून आला आहे. लॅटिनचे 'जुगुम' आणि आपले 'जू' हे भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच मुळाचे शब्द. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीतील त्या एककाकडे जू या शब्दाच्या उजेडात पाहिले, म्हणजे वाहून न्यायचे ओझे दोघांचे आहे हे पटते. आणि ते ओझे कमी करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही टाळता येत नाही. याच काव्यात पॉलिनस नवदांपत्यास भारी वस्त्रे, सोने आणि रत्ने यांपासून दूर राहण्यास सांगतात. दिखाऊपणाची हौस सोळाशे वर्षांपूर्वीही होतीच.

जोडीवर वस्त्र पांघरण्याची ही रीत स्पेनमध्ये टिकून राहिली आणि तेथून मेक्सिको व फिलिपिन्स येथे पोचली. तेथे आजही वधूच्या मस्तकावर व वराच्या खांद्यावर एकच वस्त्र पसरतात आणि त्यावर दोरीचा दुहेरी फास ठेवतात. आपल्या देशात केरळच्या सिरियन ख्रिस्ती बांधवांमध्ये 'मंत्रकोडी' आहे. धर्मगुरू साडीला आशीर्वाद देतात आणि वर ती वधूच्या मस्तकावर पांघरतो. तुझी लाज ती माझी लाज, असाच याचा अर्थ आम्ही घेतो. महाराष्ट्रातील आमच्या हिंदू शेजाऱ्यांचा अंतरपाट याहून निराळा. तो दोघांच्या मध्ये धरतात आणि मंगलाष्टके संपताच दूर करतात. एक वस्त्र दूर होऊन मीलन घडवते, दुसरे वरून पडून. दोन्हीकडे साक्षीला कापडच असते.

आता त्या मातेच्या शंकेकडे वळू. ती निराधार नव्हती, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. इ. स. ८६६ मध्ये बल्गेरियाच्या राजाने पोप निकोलस पहिले यांना अनेक प्रश्न विचारले. विवाहाविषयीच्या उत्तरात पोप महोदयांनी रोमच्या चालीरीती सांगितल्या : वाङ्निश्चय, अंगठी, नंतर चर्चमध्ये अर्पण, आशीर्वाद आणि अवगुंठन. दुसरा विवाह करणाऱ्यांना मात्र हे अवगुंठन मिळत नाही, असेही त्यांनी नमूद केले. ही वृत्ती दीर्घकाळ टिकली. ज्या स्त्रीस एकदा विवाहाचा महाआशीर्वाद मिळाला, तिला पुढील विवाहात तो पुन्हा देऊ नये, असे १९१७ च्या धर्मसंहितेतील कलम ११४३ सांगत होते. आपल्या खेड्यांतही विधवेचे लग्न लागत नसे. तिचा 'पाट' लागे, तोही रात्री, चार माणसांत, वाजंत्र्यांवाचून. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन उघडले, तरी मनातील पाट आणि लग्न यांतला भेद पुसला गेला नाही. चर्चचा जुना नियम आणि गावाची जुनी चाल या बाबतीत एकमेकींच्या बहिणी शोभतात, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण इतिहास लिहावयाचा तर तो आपल्या घरचाही लिहावा.

सुदैवाने तो नियम आता उरलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. वधूवरील प्रार्थना अशी सुधारावी, की परस्परनिष्ठेचे कर्तव्य दोघांवर सारखेच आहे हे त्यातून स्पष्ट व्हावे, असे त्यात सांगितले आहे. त्याप्रमाणे १९६९ मध्ये नवा विवाहविधी आला. १९८३ च्या धर्मसंहितेत ते जुने कलम नाही. १९९० च्या सुधारित आवृत्तीने तर स्थानिक रिवाजानुसार वधूस मुकुट घालणे किंवा वधूवरांवर वस्त्र पांघरणे यांस वाव दिला. पॉलिनस यांच्या काळची ती जोडी दीड हजार वर्षांनी पुन्हा एका वस्त्राखाली आली.

पांढऱ्या रंगाचे काय? १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा विवाह झाला. तिने पांढरा पोशाख केला आणि डेव्हन परगण्यातील कारागीर स्त्रियांनी हाताने विणलेली लेस वापरली. पांढऱ्या पोशाखातील वधू तिच्यापूर्वीही होत्या, परंतु सर्वसामान्य वधू आपले चांगले रंगीत वस्त्रच वापरी. राणीची चित्रे सर्वत्र पोचली आणि हौस पसरली. जॉन हीथकोटने १८०९ च्या सुमारास जाळी विणण्याचे यंत्र सिद्ध केले होते; त्यामुळे राणीची नक्कल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. राणी १९०१ मध्ये निवर्तली, तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे विवाहातील ते अवगुंठन तिच्यासोबत शवपेटीत गेले. पांढरी जाळी आपल्याकडे मिशनरी, शाळा आणि छायाचित्रे यांच्याबरोबर आली. ती सुंदर आहे, परंतु प्रेषितांच्या काळची नाही. उलट, लग्नातली हळद ख्रिस्ती धर्मास परकी मानून गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने तिला मनाई केली होती. ज्या रंगाने रोमची वधू नटत असे, त्याच रंगाचा गोव्यात गुन्हा ठरावा, हा इतिहासाचा विचित्र खेळ होय.

राहता राहिला त्या मुलीचा प्रश्न. जाळी नसली तर लगीन कमी होते का? पोप निकोलस यांनी तो जणू ऐकलाच होता. सर्व विधी सांगून झाल्यावर ते म्हणतात, की यांतले काही घडले नाही तरी पाप नाही. कारण काही माणसे इतक्या दारिद्र्यात असतात, की या तयारीसाठी त्यांना कोठूनही साहाय्य मिळत नाही. म्हणून ज्यांचा विवाह आहे, त्या दोघांची संमती पुरेशी आहे. नवव्या शतकातल्या एका पोपने राजास लिहिलेल्या पत्रात गरिबाच्या लग्नाची आठवण ठेवावी, हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि दुसऱ्याच दिवशी त्या वस्तीवर गेलो.

तेथे आम्ही जे सांगितले, तेच येथे इतरांसाठी थोडक्यात लिहितो. वेल घेणे धर्मनियमाने बंधनकारक नाही. डोक्यावरचा पदरही शोभतो आणि पुरतो. घ्यावयाची असेल तर साडीवर शोभेल अशी, कमरेपर्यंतची घ्यावी. जमिनीवर लोळणारी वेल खेड्यातल्या चर्चमध्ये पायात येते आणि मळते. ती अंबाड्यास पिनांनी घट्ट बसवावी आणि दोन दिवस आधी लावून पाहावी. नायलॉनची जाळी पटकन पेट घेते. म्हणून मेणबत्ती हाती देताना करवलीने जाळी मागे धरावी. शुभ्र रंग मनाला खुपत असेल तर मोतिया किंवा पिवळसर निवडावा. आई-बहिणीची जुनी वेल असेल तर तीच रिठ्याच्या पाण्यात धुऊन वापरावी. त्यात कमीपणा नाही. आणि जाळीसाठी उचल घेऊ नये. एका सकाळच्या वस्त्रासाठी अख्खा हंगाम गहाण टाकणे, ही गोष्ट कोणत्याही परंपरेत बसत नाही.

वराची आई प्रथम रुसली. मग तिनेच एक तोड काढली. धर्मग्रामातल्या महिलांनी वर्गणी काढून मोतिया रंगाची एक रुंद, साधी वेल शिवून घेतली. लग्नाच्या दिवशी वधूने हळदी रंगाची साडी नेसली होती. आशीर्वादाच्या वेळी दोघांच्या माता पुढे आल्या आणि त्यांनी ती वेल वधूच्या मस्तकावर व वराच्या खांद्यावर पसरली. वधूची चिमुरडी पहिल्या बाकावरून धावत येऊन तिच्याखाली शिरली. तिला बाहेर काढावे की नाही, असे कोणीतरी नजरेने आम्हांस विचारले. आम्ही प्रार्थना चालू ठेवली.

मराठीत 'वेल' म्हणजे लताही. स्तोत्रसंहितेतील एकशे अठ्ठाविसाव्या स्तोत्रात परमेश्वराचे भय धरणाऱ्याच्या पत्नीस फलदायी द्राक्षवेलीची उपमा दिली आहे, आणि ते स्तोत्र विवाहाच्या मिस्सात पुष्कळदा गायिले जाते. हा केवळ ध्वनीचा योगायोग आहे, हे आम्ही जाणतो. तरी प्रवचनात आम्ही तो सोडला नाही.

ती वेल आता सॅक्रिस्टीच्या कपाटात घडी घालून ठेवलेली असते. लग्न झाले की महिला ती धुऊन परत आणून देतात. पहिल्या लग्नाची नवरी, दुसऱ्या लग्नाची नवरी, असा भेद त्या कपाटाला ठाऊक नाही. अन्य धर्मग्रामांत वधूच्या वस्त्राविषयी जुन्या आठवणी असतील, आजींच्या पेट्यांतून काही निघाले असेल, तर वाचकांनी अवश्य लिहून कळवावे.